साटम मॅडमची डबी

नीला साटमच्या लॅबमध्ये शिरण्याआधी माणसाला जबानी द्यावी लागे. अत्तर लावलंय का? केसांना तेल? वाटेत वडापाव खाल्ला असेल तर चूळ भरली का? घाटकोपरच्या त्या कॉलेजात नवीन आलेली मुलं तिला साटम मॅडमची सोवळ्याची खोली म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नीलाचे सेन्सर हायड्रोजन सल्फाइड नावाचा एक विषारी गॅस ओळखण्यासाठी बनवलेले होते, पण तो एक सोडून बाकी सगळ्याला ते भुलत. उदबत्तीला भुलत, सॅनिटायझरला भुलत, खालच्या कँटीनमध्ये पडलेल्या कांद्याच्या फोडणीलाही भुलत. एकदा दिल्लीहून आलेले परीक्षक आफ्टरशेव्ह लावून सेन्सरवर वाकले आणि आकडा असा काही वर गेला की त्यांनी खूश होऊन 'उत्कृष्ट प्रतिसाद' असा शेरा मारला. नीलाने त्यांना खरं कारण सांगितलं. पुढच्या वर्षी तिचं अनुदान निम्म्यावर आलं.

"तुला गप्प बसता येत नाही का गं?" तिच्या नवऱ्याने, नंदकुमारने, विचारलं होतं. तो बँकेतला माणूस, गप्प बसून बढत्या मिळालेला.

"गप्प बसले असते तर आफ्टरशेव्ह ओळखायचं यंत्र म्हणून विकावं लागलं असतं," ती म्हणाली आणि भांडी आपटायला लागली. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात त्यांच्या शेजाऱ्यांना नीलाच्या संशोधनाची प्रगती भांड्यांच्या आवाजावरून कळायची. बहुतेक वर्षी आवाज मोठाच असे.

काम ऐकायला सोपं होतं. टिन ऑक्साइड नावाची पांढरी पूड बनवायची, तिचा लेप करून तो लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून आणलेल्या जाळीतून नखाएवढ्या चिनी मातीच्या चकतीवर चढवायचा, भट्टीत भाजायचा, आणि मग चकती तापवून तिच्यातून वीज किती वाहते ते मोजायचं. गॅस आला की वीज वाढते. सगळं शास्त्र एवढंच. या एवढ्याशा गोष्टीवर जगभरात इतके लेख छापले गेलेत की त्या कागदाखाली एखादा कारखाना सहज गाडला जाईल. प्रत्येक लेखाच्या शेवटी न चुकता लिहिलेलं असतं की हे सेन्सर कारखाने, खाणी आणि गटारं इथे उपयोगी पडू शकतील. पडतात मात्र कुठेच नाहीत. नीलाने स्वतः हे वाक्य कितीदा लिहिलं असेल त्याला गणती नाही, आणि लिहिताना दर वेळी तिच्या कपाळावर आठी येई.

कारण तिला हे उपयोगी पडायलाच हवं होतं. तिचे वडील देवगडकडचे, गिरणी कामगार. गिरणी बंद पडल्यावर त्यांना मैलापाण्याच्या पंपिंग स्टेशनवर काम मिळालं. तिथे गॅस तपासायची पद्धत एकच, नाक. सडक्या अंड्यासारखा वास आला की वर यायचं, वास गेला की पुन्हा खाली उतरायचं. "वास गेलो म्हणजे गॅस गेलो," असं वडील म्हणत, आणि सगळे तेच म्हणत. एक दिवस त्यांचा जोडीदार असाच वास गेल्यावर खाली उतरला आणि वर आला तो चौघांच्या हातांवर. नीला तेव्हा बीएस्सीला होती. तिने पुस्तक काढून पाहिलं. हा गॅस वाढला की तो माणसाच्या आधी माणसाचं नाक मारतो, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला नाही, गॅस वाढला. तिने वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ह्यां आमका कोणीच सांगूक नाय."

तेव्हापासून तिच्या डोक्यात ती डबी होती. खाली उतरणाऱ्या माणसाच्या गळ्यात अडकवता येईल अशी, आणि कंत्राटदाराला हाताखालच्या प्रत्येक माणसासाठी घेता येईल इतकी स्वस्त. परदेशी यंत्रं होती, नाही असं नाही. पण ती महाग, म्हणून दहा ठिकाणच्या कामांना मिळून एक घ्यायचं आणि ते साहेबाच्या कपाटात कुलपात ठेवायचं, ही आपली रीत.

मग ते वर्ष आलं. एका खेपेला भाजलेल्या चकत्या कॉलेजातल्या जुन्या काचेच्या हंडीत ठेवून नीलाने नेहमीसारखा चिमूटभर गॅस सोडला, आणि आकडा हजारपट वर गेला. तिला वाटलं वायर सुटली. वायर बदलली, पुन्हा तेच. तिने उदबत्ती लावली, चकती ढिम्म. सॅनिटायझर ओतलं, काही नाही. शेवटी कँटीनमधून कांदाभजीची प्लेट आणून हंडीशेजारी ठेवली, तरी चकतीने ढुंकून पाहिलं नाही. हायड्रोजन सल्फाइड सोडला की मात्र लगेच उसळी. त्या दिवशी नीलाने ती भजी विद्यार्थ्यांना वाटली आणि स्वतःही लॅबमध्ये उभ्याने खाल्ली. तिच्या सोवळ्याच्या खोलीत एवढा अधर्म पहिल्यांदाच झाला.

लेख परदेशी नियतकालिकात छापून आला. इतरांना टिन ऑक्साइडमध्ये तांबं घालावं लागतं, पॅलेडियम घालावं लागतं, आम्ही काहीही न घालता हे साधलं, असं तिने प्रस्तावनेत लिहिलं होतं. जगभरच्या लोकांनी त्या लेखाचा हवाला दिला. कॉलेजने शाल-श्रीफळ दिलं. प्राचार्यांनी भाषणात तिच्या शोधाचं श्रेय कॉलेजच्या शैक्षणिक वातावरणाला दिलं. आता दोनतीन वर्षांत डबी होणार, असं ती नंदकुमारला म्हणाली, आणि साटमांच्या घरातली भांडी काही महिने शांत राहिली.

तो सेन्सर पुन्हा झाला नाही.

कॉलेजच्या तपासणीला समिती येणार म्हणून लॅबची रंगरंगोटी झाली, नवीन सामान आलं, आणि त्यानंतरच्या सगळ्या चकत्या पूर्वीसारख्याच भोळसट निघाल्या. नीलाने रसायनांची कंपनी बदलली, भट्टी बदलली, भाजायचा वेळ बदलला. हिवाळ्यात केलं, उन्हाळ्यात केलं. एका विद्यार्थिनीने तर पहिली खेप पौर्णिमेला झाली होती का, असं विचारलं, आणि चिडून का होईना पण नीलाने कॅलेंडर पाहिलं. जुन्या खेपेतल्या चारदोन चकत्या शिल्लक होत्या, त्या अजून चालत. म्हणजे स्वप्न नव्हतं पडलेलं. पण नवीन काही होईना. दिशा नावाची तिची पहिली पीएचडीची विद्यार्थिनी तीन वर्षांनी विषय बदलून परदेशात गेली. दुसरा बँकेच्या परीक्षा देऊन सुटला. कोरियातून, पोलंडमधून, कोइमतूरहून पत्रं येत, तुमच्या पद्धतीने आम्हाला जमत नाही, काय करावं? नीला उत्तर देई की हवेतला ओलावा तपासा.

ओलावा. मुंबईत कशालाही पुरून उरणारं कारण. पापड वातड झाले, ओलावा. गुडघे दुखले, ओलावा. चकतीचा आकडा उगाच वर गेला, ओलावा. तो खोटाही नव्हता, पावसाळ्यात तिचे सेन्सर खरोखरच वेड्यासारखे वागत. पण हळूहळू तिला अशी सवय लागली की आकडा वर गेला की ती आधी चूक शोधू लागे. अकरा वर्षं तिने हेच केलं. अकरा वर्षं जे यंत्र फक्त खोटं बोलत आलं त्याच्याशी माणूस जसा वागेल तशीच ती वागली, याबद्दल तिला कोण काय बोलणार?

तिची तिसरी विद्यार्थिनी गंधाली. वासाच्या लॅबमध्ये गंधाली, यावर सगळ्यांचे विनोद करून झाले होते. पोरगी मुलुंडची, बोलायला फटकळ. तिने एक दिवस मॅडमना न विचारता जुन्या खेपेतली एक चकती एका मोठ्या संस्थेत तपासायला दिली, आत काय काय आहे ते बघायला. नीलाने आजवर ते केलं नव्हतं, कारण आत काय आहे हे तिला ठाऊक होतं. तिनेच तर घातलं होतं.

"मॅडम, यात तांबं आहे," गंधाली म्हणाली.

"शक्य नाही. त्यांच्या मशीनमधलं असेल."

"दोनदा करून घेतलं. आपल्या नवीन चकत्यांत नाहीये, जुन्यात आहे. तेव्हा काय वेगळं होतं, सांगा ना."

"काही नाही गं. रसायनं तीच, अमोनिया तोच. पूड धुवायला डिस्टिल्ड पाणी, तेही..."

"डिस्टिल्ड पाण्याचा प्लांट तर तपासणीच्या वेळी आला ना? त्याआधी कुठून आणायचात?"

"त्याआधीचा प्लांट जळला होता. खरेदी समितीकडे फाइल पडून होती. म्हणून आम्ही प्राचार्यांच्या केबिनच्या एसीची नळी कॅनमध्ये सोडली होती. तेच की डिस्टिल्ड. वाफेचं पाणी झालं की..." आणि नीला बोलता बोलता खाली बसली.

एसीचं पाणी आत ज्या वेटोळ्यावर जमतं ते वेटोळं तांब्याचं असतं. घरोघरी लोक ते पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात आणि पैसे वाचले म्हणून खूश असतात. नीलानेही तेच केलं, वर त्याला शास्त्र जोडलं. वाफ झाली, थंड झाली, थेंब झाले, म्हणजे पाणी शुद्ध. पक्की भौतिकशास्त्राची बाई. केमिस्ट्रीवाल्याने दोन थेंब तपासले असते. प्राचार्यांचा जुनाट, गंजका एसी थेंब थेंब तांबं गाळत होता, आणि चिकट पांढरी पूड कॅनमागून कॅन पाण्याने धुताना ते पकडून ठेवत होती. शैक्षणिक वातावरणाचं श्रेय म्हणजे शेवटी केबिनच्या एसीचं निघालं.

नीला हसली नाही. तिला संताप आला, इतका की कानशिलं तापली. तांबं घातलेलं टिन ऑक्साइड हा गॅस ओळखतं हे तिला नवीन नव्हतंच. तिने ते वाचलं होतं, तिच्याच लेखाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, आम्हाला त्याची गरज पडली नाही म्हणून मिरवलं होतं. अकरा वर्षं ती जे शोधत होती ते लोकांनी तिच्या कितीतरी आधी छापून ठेवलेलं होतं. त्यात दिशाची तीन वर्षं गेली, त्या बँकेतल्या पोराची दोन गेली, कोरियातली कोण कुठली पोरं तिच्या नावाने बोटं मोडत बसली. नियतकालिकाला तिने सगळं खरं कळवलं. त्यांनी बऱ्याच महिन्यांनी चार ओळी छापल्या. त्या कोणी वाचल्या असतील असं वाटत नाही, कारण जुन्या लेखाचे हवाले येतच राहिले.

"आता तरी एक गोष्ट बरी झाली," नंदकुमार म्हणाला. "का होतं ते कळलं ना? मग मुद्दाम तांबं घाल आणि कर डबी. तुला डबीच हवी होती, नोबेल थोडंच हवं होतं."

तो क्वचित असं नेमकं बोले. नीलाने भांडी खाली ठेवली.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं. गंधालीने आणि तिने मोजून मापून तांबं घातलं, आणि चकत्या एकामागून एक शहाण्या निघू लागल्या. एकच खोड होती. एकदा गॅस चाखला की चकती लवकर विसरत नसे, गॅस गेल्यावरही आकडा खाली यायला वेळ लागे. ती खोड त्या दोघींनी बरीच कमी केली. मग चकतीखाली छोटा हीटर, वर जाळी, आकडा दाखवणारी पट्टी, आवाज करणारा भोंगा, बॅटरी, असं सगळं साबणाच्या डबीएवढ्या खोक्यात बसवलं. ती पहिली डबी गळ्यात अडकवून नीला लॅबमध्ये दोन फेऱ्या मारून आली. गंधालीने फोटो काढला तर ती ओरडली, पण पुसायला नाही सांगितलं.

आता ती लॅबच्या बाहेर कोण नेणार? सरकारी कचेऱ्यांतून उत्तर येई की आपला प्रस्ताव पुढे पाठवला आहे. मोठ्या कंपन्यांतून उत्तरच येत नसे. शेवटी धावून आला मुकुल. बीएस्सीला प्रॅक्टिकलमध्ये काठावर पास झालेला तिचा जुना विद्यार्थी. आता मुलुंड-भांडुपकडच्या टॉवरांच्या तळघरातली सांडपाण्याची यंत्रणा चालवायची कंत्राटं त्याच्याकडे होती. त्या यंत्रणेच्या टाक्यांत अधूनमधून माणूस उतरवावा लागतो. मुकुल कामचुकार विद्यार्थी होता, पण कंत्राटदार चांगला होता. पट्टा, दोर, दोर ओढायचं तीन पायांचं तिकाटणं, हवा मारायचा ब्लोअर, सगळं ठेवी. गॅस मोजायचं एक परदेशी यंत्रही त्याच्याकडे होतं.

"मॅडम, द्या डबी, मी वापरून बघतो," तो म्हणाला. "तुम्ही मला पास केलंत, एवढं तर करीनच."

"मी नव्हतं केलं. बाहेरच्या परीक्षकांनी केलं."

"चालतंय ना."

डबी महिनाभर मुलुंडच्या एका टॉवरच्या तळघरात टाकीच्या तोंडाशी टांगलेली राहिली आणि शहाण्यासारखी वागली. फिनाइलला भुलली नाही, रंगाला भुलली नाही. ऑगस्टमधल्या एका दुपारी मुकुलचा फोन आला. पंप तुंबलाय, माणूस उतरवावा लागणार, तुम्हाला बघायचं होतं ना? नीलाने शेवटचं लेक्चर गंधालीच्या गळ्यात मारलं आणि रिक्षा धरली. वडिलांच्या जोडीदाराला चौघांनी आणलं त्या दिवसापासून ती या दुपारची वाट बघत होती असं म्हटलं तर ते काही फार वाढवून सांगितल्यासारखं होणार नाही.

तळघर दमट होतं, भिंतींना पाणी सुटलेलं. टॉवरभरच्या लोकांनी टाकलेले ओले रुमाल आणि डायपर पंपात अडकले होते. रात्री वीज गेली होती, त्यामुळे टाकीतलं पाणी ढवळलं न जाता तसंच साचून राहिलेलं. उतरणार होता प्रीतम, भांडुपचा, तिशीचा, या कामात मुरलेला. तो पट्टा बांधत होता आणि वॉचमन तिकाटण्याचं हँडल धरून उभा होता.

"माझं मोठं यंत्र मरोळला गेलंय, तपासणीला," मुकुल म्हणाला. "म्हणून आज तुमच्या डबीवरच सगळं."

झाकण उघडलं तशी घाण आली, नाकाला रुमाल लावावा लागला. मुकुलने डबी दोरीने आत सोडली. ती कर्कश वाजायला लागली. ठीक, असंच व्हायला हवं होतं, नीलाचा ऊर भरून आला. अर्धा तास ब्लोअर चालला. पुन्हा डबी सोडली. ती पुन्हा वाजली. आकडा थोडा खाली आला होता, पण वाजत होती.

सगळ्यांनी नीलाकडे पाहिलं.

"मॅडम, काय करायचं?" मुकुलने विचारलं. "एवढा ब्लोअर मारल्यावर राहत नाही सहसा. थांबू या का? वर सोसायटीवाले बोंबलतायत, पाणी बंद आहे त्यांचं."

नीलाने डबी हातात घेतली. जाळीवर दव साचलं होतं. ओलावा. शिवाय चकतीची ती न विसरायची खोड, मघाचाच गॅस अजून धरून बसली असणार. दोन्ही कारणं शास्त्रीय होती, दोन्ही तिला पाठ होती. त्या तळघरात चार माणसं होती, आणि डबीवर सगळ्यात कमी विश्वास होता तो ती बनवणारीचा. प्रीतमने खाली वाकून हुंगलं.

"मघाशी मरणाचा वास मारत होता," तो म्हणाला. "आता नाय येत."

आणि नीलाने मान डोलावली. जे वाक्य खोडायला तिने आयुष्य घातलं तेच वाक्य तिच्या तोंडासमोर एक माणूस बोलला, आणि तिला बरं वाटलं. राग येतो तो याचा. बाई अडाणी असती, घाईत असती, पैसे खाल्लेली असती तर समजलं असतं.

"ओलावा आहे," ती म्हणाली. "मघाचाच गॅस दाखवतेय. उतरायला हरकत नाही." आणि तिने बाजूचं बटण दाबून डबी बंद केली, कारण तिला तो आवाज सहन होत नव्हता.

प्रीतम शिडीवरून उतरला. तळाशी पोचून त्याने पंपाला हात घातला, गाळ हलला, आणि तो काही न बोलता एका बाजूला कलला, झोप लागल्यासारखा. वॉचमनने आणि मुकुलने हँडल फिरवलं. नीलाने दोर धरला, तिच्या तळव्यांची सालं निघाली. वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे होते. मुकुल त्याच्या तोंडावर हवा मारत होता आणि शिव्या देत होता, कोणाला ते त्यालाही कळत नसावं.

प्रीतम वाचला. एक रात्र अतिदक्षता विभागात काढून दुसऱ्या दिवशी तो चहा प्यायला. अजून चार श्वास घेतले असते तर नसता वाचला, असं डॉक्टर म्हणाले. चौकशीला पोलीस आले त्यांना तो म्हणाला, "मॅडम बोलल्या, काय नाय, उतर, म्हणून उतरलो. त्या गॅसच्याच मॅडम आहेत, मोठ्या." त्याने ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. आपण आगाऊपणा केला नाही, जाणत्या माणसाला विचारून उतरलो, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पलंगाशी उभ्या असलेल्या नीलाला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. तिने त्याची आणि त्याच्या बायकोची माफी मागितली. बायको म्हणाली, "तुमची काय चूक, मॅडम, मशीनच फसवतं कधी कधी."

"मशीन नव्हतं फसवत," नीला म्हणाली.

मशीन नव्हतंच फसवत. गंधालीने डबी काचेच्या हंडीत ठेवून मोजलेला गॅस सोडला आणि आकडा ताडून पाहिला. बिनचूक. ब्लोअर मारल्यावरही गाळातून गॅस येतच होता, आणि डबी तेवढाच दाखवत होती. "मॅडम, रीडिंग बरोबर होतं," ती हळूच म्हणाली. "आपला सेन्सर चालतो." तीस वर्षांनी कोणीतरी हे वाक्य बोललं, आणि नीलाला ऐकवेना. तिला स्वतःची किळस आली. त्या आठवड्यात तिने घरी एकही भांडं आपटलं नाही, आणि नंदकुमार घाबरून दर थोड्या वेळाने स्वयंपाकघरात डोकावून जाई.

महिन्याभराने मुकुल लॅबमध्ये आला. प्रीतम कामावर रुजू झाला होता, पण टाकीवरच्या कामाला, खाली नाही. मुकुल म्हणाला, "मॅडम, मला डब्या हव्यात. माझ्या सगळ्या माणसांना एकेक. त्या दिवशी तळघरात खरं बोलणारी ती एकटीच होती."

नीलाने कपाटातून नवीन केलेली डबी काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली.

"हिला बंद करायचं बटण कुठाय?"

"नाही ठेवलं."

"मग वाजायला लागली की?"

"वर यायचं."

"आणि ओलाव्याने वाजली तर? पावसाळ्यात उगाचच वाजली, तर काय, तुम्हाला फोन करू?"

"उगाच वाजली तरी वर यायचं," नीला म्हणाली. "कोणाला विचारत बसायचं नाही, मुकुल. आणि मला तर मुळीच नाही."